रणांत पडलेल्यांचीं नांवें

सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें पावणेचार हजार फूट उंच आहे. पूर्वींच्या पश्चिम खानदेशांत व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडणारें हें ठिकाण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस यशवंत तलाव, गोरक्षनाथाचें देऊळ आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळें ठाऊक असेल. इतिहासाच्या अभ्यासकास तेथें आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे जुन्या तटबंदीचे अवशेष. तट आहे त्या अर्थीं तेथें शिबंदी होती, आणि शिबंदी होती त्या अर्थीं कोणाच्या तरी हल्ल्याची भीति होती. दगड एवढें सांगतात. त्या तटावर कोण पडला, त्याचें नांव काय, त्याच्या मागें घरीं कोण उरलें, हें ते सांगत नाहींत. प्रस्तुत लेखाचा विषय तो तट नव्हे. तटानें जें सांगितलें नाहीं तें आहे.

रणांत पडलेल्या सैनिकाची स्मृति कशी राखावी, याविषयीं ख्रिस्ती समाजांत एक जुनी विचारपरंपरा आहे. तिचीं चिन्हें, म्हणजे थडगें, क्रूस, भिंतीवरील कोरीव पाटी आणि मृतांची यादी, गेल्या दोनशें वर्षांत आमच्या मुलखांत जागोजाग उभीं राहिलीं. आमच्यांपैकीं जे जुने कागद जमवितात त्यांनीं या चिन्हांकडे बहुधा परक्यांची वस्तु म्हणूनच पाहिलें. आम्हांस असें वाटतें कीं, त्या परंपरेच्या मूळ ग्रंथांत जें सांगितलें आहे तें एकदां नीट पाहिलें, तर आमच्याच दप्तरांतील कांहीं दुर्लक्षित कागदांची किंमत आम्हांस नव्यानें कळेल. तेवढ्यासाठीं हा प्रपंच.

आधीं घरचें पाहूं. महाराष्ट्रांतील वीरगळ सर्वांच्या परिचयाचे आहेत. खालच्या खणांत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्यास वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर सूर्यचंद्र. कर्नाटकांतील वीरगळांवर लेख पुष्कळ आढळतात. महाराष्ट्रांतील बहुसंख्य वीरगळ मुके आहेत. वीर स्वर्गीं पोंचला हें दगड मोठ्या निश्चयानें सांगतो, पण तो कोणाचा कोण हें गांवाच्या तोंडीं राहिलें आणि कालांतरानें तेंहि गेलें. भिल्लादि लोकांतहि मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लांकडी खांब उभारून त्यावर घोडेस्वार कोरण्याची चाल आहे. त्यापुढें नैवेद्य ठेवणाऱ्या घरास तो कोणाचा तें माहीत असतें. घर उठलें कीं दगड उरतो व नांव जातें.

श्राद्धकल्पांत मात्र शस्त्रानें मेलेल्याची निराळी सोय आहे, आणि ती आमच्या विषयाशीं इतकी लगत आहे कीं येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रादिकांनीं मृत्यु आलेल्यांसाठीं राखून ठेविलेली तिथि होय, मग त्यांचा मृत्यु कोणत्याहि तिथीस झालेला असो. शिवाय ज्यांस पाणी देणारें कोणी उरलें नाहीं अशांनाहि तर्पणांत विसरलेलें नाहीं. बेवारस मृताची आठवण ठेवण्याची ही बुद्धि पुढें येणाऱ्या एका ज्यू ग्रंथाच्या संदर्भांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां सातपुड्याखालीं उतरूं. तोरणमाळच्या दक्षिणेस तापीचें खोरें पसरलेलें आहे, आणि त्याच खोऱ्यांत, शिरपूर तालुक्यांत, तापीच्या कांठीं थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्या घराण्याच्या कबरी आजहि तेथें आहेत व त्यांवरील कोरीव काम पाहण्यासारखें आहे. राज्य करून मेलेल्यास घुमट मिळतो. राज्यासाठीं मेलेल्यास काय मिळतें, हें त्याच गांवच्या किल्ल्यांत पुढें दिसून आलें.

२१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूर येथें होळकरांच्या फौजेचा मोड झाला, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें त्यांचा खानदेशांतील मुलूख कंपनीस द्यावा लागला. सर टॉमस हिस्लॉप याची फौज दक्षिणेकडे परततांना २७ फेब्रुवारी रोजीं थाळनेरपुढें आली. तह झाला होता, किल्ला देण्याचा हुकूमहि निघाला होता. परंतु किल्लेदार तुळशीराम यानें किल्ला खालीं करून देण्याचें नाकारलें. तोफांचा मारा होऊन बाहेरचे दरवाजे इंग्रजांच्या हातीं आले, तेव्हां किल्लेदार कांहीं माणसांसह बाहेर येऊन स्वाधीन झाला. आंतली अरब शिबंदी शेवटच्या दरवाजाआड होती. तेथें बोलणें होऊन दिंडी उघडली गेली. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅग्रेगर व त्यांच्याबरोबर आणखी थोडे जण आंत शिरले, आणि अरबांनीं त्यांजवर हत्यार चालविलें. ते दोघेहि अधिकारी ठार झाले. मग बाहेरचे शिपाई आंत घुसले व सुमारें तीनशें शिबंदी कापली गेली. किल्लेदारास हिस्लॉपनें त्याच दिवशीं फांशीं दिलें.

दिंडीपाशीं एकमेकांची भाषा न समजल्यामुळें घात झाला असावा, असा तर्क इंग्रज लेखकांनींच पुढें केलेला आहे. किल्लेदाराच्या फांशीची चर्चा विलायतेपर्यंत गेली. १८१९ सालीं पार्लमेंटानें हिस्लॉपच्या फौजेच्या आभाराचा ठराव केला, त्यांत थाळनेरचें हें कृत्य आभारांत धरलेलें नाहीं असें स्पष्ट करण्यांत आलें. विजयी सेनापतीचे आभार मानतांना त्याच्या देशबांधवांनीं एवढा आडपडदा ठेवावा, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

पण आमचा मुद्दा फांशीचा नाहीं. त्या एका दिवसांत एका दरवाजाच्या आंतबाहेर पडलेल्या माणसांचा हिशेब पाहावा. गॉर्डन आणि मॅग्रेगर यांचीं नांवें, हुद्दे व पलटणी सर्व इतिहासांत आहेत. तुळशीरामाचें नांव राहिलें, कारण तो फांशीं गेला व त्यावर वाद झाला. उरलेले तीनशें हे केवळ तीनशें आहेत. इंग्रजी पुस्तकांत ते एक आंकडा होऊन येतात, आणि मराठी पुस्तकांतहि आम्हीं तोच आंकडा उतरून घेतला. त्यांत कोणी हद्रमौताहून आलेला असेल, कोणी याच मुलखांत जन्मलेला असेल. होळकरांचा पगार खाऊन त्यांनीं होळकरांचा किल्ला राखला, आणि होळकरांनीं तो किल्ला कागदावर आधींच देऊन टाकलेला होता.

चाळीस वर्षांनीं सातपुड्यांत हाच प्रकार पुन्हा घडला. ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें भीमा नाईक व खाजा नाईक यांच्या भिल्लांची कंपनीच्या फौजेशीं लढाई झाली. लढाईंत पुष्कळ भिल्ल पडले, आणि पकडलेल्यांपैकीं अनेकांस तेथल्या तेथें लष्करी न्यायसभा भरवून गोळ्या घालण्यांत आल्या. नायकांचीं नांवें आज रस्त्यांवर व पुतळ्यांवर आहेत, आणि तें योग्यच आहे. त्यांच्या मागून गेलेल्यांचीं नांवें शोधावयाचीं झाल्यास पाड्यांवरील दगडांकडे जावें लागतें, आणि ते दगड मुके आहेत हें वर सांगितलेंच.

या सर्वांत ख्रिस्ती परंपरेचा संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, मृताचें नांव लिहून ठेवण्याची सोय थाळनेरला एका बाजूस होती आणि दुसऱ्या बाजूस नव्हती. कंपनीच्या छावण्यांतील पाद्री बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या ठेवीत, आणि मुंबई इलाख्यांतील या नोंदींच्या प्रती दरसाल लंडनला जात. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. वंशावळी शोधणाऱ्या इंग्रजांस त्या कामधेनूसारख्या आहेत. परंतु वही ख्रिस्ती माणसाची. त्याच पलटणींत, त्याच दिवशीं पडलेला हिंदु किंवा मुसलमान शिपाई त्या वहींत नसतो. शत्रूच्या बाजूचा तर नाहींच. मूळ धर्मग्रंथांचा अभिप्राय इतका आंखूड आहे काय, हें आम्हीं पाहावयाचें ठरविलें, आणि तो तसा नाहीं असें आम्हांस आढळलें.

रणांत पडलेल्यांविषयींचें सर्वांत ठळक स्थळ मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायांत आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत सीरियाच्या ग्रीक राजसत्तेविरुद्ध लढणारा यहूदा मक्काबी हा ज्यू सेनापति. एका लढाईनंतर त्याचे लोक आपल्या मृतांचीं शरीरें उचलून वाडवडिलांच्या थडग्यांत नेण्यासाठीं रणभूमीवर गेले, तों पडलेल्यांच्या अंगरख्यांखालीं याम्निया येथील दैवतांचे ताईत निघाले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणें ती वस्तु निषिद्ध. हे कशामुळें पडले तें सर्वांस उमगलें. अशा वेळीं तीं शरीरें तशींच टाकून देणें सोपें होतें, व तसें करण्यास धर्माचा आधारहि दाखवितां आला असता. यहूदानें तसें केलें नाहीं. सर्वांनीं मिळून मृतांसाठीं प्रार्थना केली, आणि त्यानें फौजेंतून वर्गणी गोळा करून तें रुपें पापनिवारणाच्या बलीसाठीं यरुशलेमास पाठविलें. रक्कम ग्रीक पाठांत दोन हजार द्राम आहे, लॅटिन वल्गेट पाठांत बारा हजार. नकलनविसाच्या लेखणीनें आंकडा कसा फुगतो, हें आमच्या बखरी वाचणाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको.

हा ग्रंथ प्रमाण मानावा कीं नाहीं याविषयीं ख्रिस्ती पंथांत मतभेद आहे. रोमन कॅथोलिक लोक मृतांसाठीं करावयाच्या प्रार्थनेस याच स्थळाचा आधार देतात, आणि २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणाचा म्हणून पाळतात. प्रॉटेस्टंट पंथ हा ग्रंथ प्रमाणग्रंथांत धरीत नाहींत. आम्हांस त्या वादांत पडण्याचें कारण नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. येथें पडलेला सैनिक निर्दोष होता असा दावा मुळींच नाहीं. तो दोषी होता, त्याचा दोष उघडकीस आला होता, आणि तरीहि त्याचें शरीर उचलणें व त्याची चिंता वाहणें हें जिवंतांचें काम ठरलें. स्मारकें उभारणारे लोक बहुधा याच्या उलट वागतात. आधीं मृताला निष्कलंक ठरवावयाचें, मग त्याचा सन्मान करावयाचा. आणि ज्यास निष्कलंक ठरवितां येत नाहीं त्याचें नांवच काढावयाचें नाहीं.

दुसरें स्थळ संत ऑगस्टिनचें. नोला येथील बिशप पॉलिनस यानें त्यास विचारलें होतें कीं, एखाद्या संताच्या समाधीजवळ पुरल्यानें मृतास कांहीं लाभ होतो काय. त्याचें उत्तर म्हणून ऑगस्टिननें इ. स. ४२१ च्या सुमारास मृतांविषयीं घ्यावयाच्या काळजीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. अंत्यविधीचा थाट व थडग्याची शोभा हीं मागें राहिलेल्यांच्या समाधानासाठीं असतात, त्यांचा मृतास उपयोग नाहीं, असें त्याचें मत. तरी शरीराची उपेक्षा करावी असें तो म्हणत नाहीं. वडिलांची अंगठी किंवा वस्त्र मुलास प्रिय असतें, तर शरीर त्याहून जवळचें, असा त्याचा युक्तिवाद आहे. संगमरवरी स्मारकांवर पैसा ओतणाऱ्या राज्यांनीं हा ग्रंथ एकदां चाळावयास हवा होता.

युद्धस्मारकांवर सर्वांत अधिक वेळां कोरलें गेलेलें वचन योहानाच्या शुभवर्तमानांतील पंधराव्या अध्यायाचें तेरावें होय. मित्रांसाठीं प्राण देण्याहून मोठें प्रेम नाहीं, असा त्याचा आशय. तें वचन ख्रिस्तानें आपल्या मरणाच्या आदल्या रात्रीं, आपल्याच मरणाला उद्देशून म्हटलेलें आहे. सैनिक प्राण देतो हें खरें, पण तो प्राण घेतोहि. म्हणून हें वचन त्यास लावतांना ख्रिस्ती विचारवंतांतच संकोच दिसून येतो. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत शत्रूवरहि प्रेम करण्याची आज्ञा आहे. हीं दोन्ही वचनें एकत्र वाचलीं तर थाळनेरच्या दिंडीच्या आंतल्या बाजूस पडलेल्यांचा विचार टाळतां येत नाहीं.

पहिल्या महायुद्धांत या परंपरेची मोठी कसोटी लागली. १९१७ च्या मे महिन्यांत लंडन येथें इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झालें. १९६० पासून तें कॉमनवेल्थ या नांवानें ओळखलें जातें. सर फ्रेडरिक केनियन यानें १९१८ सालीं त्यास जो अहवाल दिला त्याचें सार असें कीं, अधिकारी असो वा शिपाई, थडग्याच्या दगडांत भेद करावयाचा नाहीं. हुद्दा, जात व धर्म न पाहतां प्रत्येक मृताचें नांव राखावयाचें, हें कमिशनचें तत्त्व ठरलें. दफनभूमींसाठीं सर रेजिनल्ड ब्लोमफील्ड यानें दगडी क्रूस योजिला, त्यावर काशाची तलवार टोंक खालीं करून बसविलेली. सर एडविन लट्येन्स यानें मात्र एक साधी लांबट वेदीसारखी शिळा योजिली व तिजवर कोणत्याहि धर्माचें चिन्ह ठेविलें नाहीं, कारण मृतांत सर्व धर्मांचे लोक होते. त्या शिळेवरील वाक्य रड्यर्ड किप्लिंग यानें निवडलें. किप्लिंग हा मुंबईस जन्मलेला. त्याचा एकुलता मुलगा १९१५ सालीं लूसच्या लढाईंत पडला, आणि बापाच्या हयातींत त्या मुलाचें थडगें सांपडलें नाहीं.

तें वाक्य एक्लेझियास्टिकस, म्हणजे सीराखपुत्र येशूचा बोधग्रंथ, याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनांतील आहे, आणि नामवंत पूर्वजांचें नांव टिकून राहतें असा त्याचा भाव आहे. मौज अशी कीं हा ग्रंथहि प्रॉटेस्टंट प्रमाणग्रंथांच्या बाहेरचा. त्याहून मोठी मौज अशी कीं, त्याच अध्यायांत पांच वचनें आधीं, ज्यांची कांहींच आठवण उरली नाहीं, जे जणूं जन्मलेच नव्हते असे झाले, अशांचाहि उल्लेख आहे. शिळेवर कोरतांना चौदावें वचन घेतलें गेलें; नववें पुस्तकांतच राहिलें. आमच्या तर्पणांतील बेवारस मृत व हे नवव्या वचनांतील लोक एकाच कुळींचे आहेत.

नववें वचन कोणाच्या वांट्यास आलें तें बसऱ्यास पाहावें. १९१५ च्या ७ डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत कूत-अल-अमारा येथें टाउनशेंडच्या हाताखालील सहाव्या, म्हणजे पुणें डिव्हिजनास तुर्कांनीं वेढा घातला होता. त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. कोंकण, सातारा, पुणें या बाजूंचीं हीं माणसें. वेढ्यांत, लढाईंत व पुढें तुर्कांच्या कैदेंत त्यांतील पुष्कळ मेलीं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत ज्यांचीं थडगीं नाहींत अशांसाठीं बसऱ्याचें स्मारक १९२९ सालीं उघडण्यांत आलें. त्यावर ब्रिटिश शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचींहि आहेत. परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिलेली आहे. केनियनच्या अहवालानंतर अवघ्या अकरा वर्षांत ही गत! १९९७ सालीं सद्दाम हुसेन यांच्या हुकुमानें तें सबंध स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यांत आलें. तेथेंहि संख्या संख्याच राहिली.

कमिशननें २०२१ च्या एप्रिलांत आपल्याच जुन्या कागदांच्या आधारें एक अहवाल प्रसिद्ध केला. सुमारें पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि आणखी किमान एक लाख सोळा हजार, कदाचित् साडेतीन लाखांपर्यंत, मृतांचीं नांवें राखलींच गेलीं नाहींत किंवा त्यांचें स्मारकच झालें नाहीं, हें त्यांत कबूल केलें आहे. हे लोक मुख्यतः आफ्रिका, हिंदुस्थान व मध्यपूर्व येथील. आपल्या संस्थेची चूक आपल्याच दप्तरांतून काढून ती छापणें, हें संशोधनाचें काम म्हणून आम्हांस आदर्श वाटतें.

आमच्या गांवोगांवच्या पाट्यांचा प्रकारहि बसऱ्यासारखाच. पहिल्या महायुद्धानंतर कोंकणांत व देशावर अनेक गांवीं चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत संगमरवरी पाट्या बसविल्या गेल्या. या गांवाहून इतके लढाईवर गेले, त्यांपैकीं इतके पडले, असा त्यांवर मजकूर असतो. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगें गांवचे सेहेचाळीस जण त्या युद्धांत पडले असें सांगतात, व गांव त्याचा अभिमान बाळगतो. आंकडा दगडावर, नांवें घराघरांत. आमच्या पिढींत तीं घरें पुण्यामुंबईस चाललीं आहेत.

याच्या उलट उदाहरण भीमा कोरेगांवचें. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ, ज्याचा पाया २६ मार्च १८२१ रोजीं घातला गेला, त्यावर इंग्रजी व मराठी लेख असून पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. कंपनीच्या एकूणपन्नास मृतांच्या त्या यादींत बावीस नांवें ‘नाक’ या प्रत्ययानें संपतात, म्हणजे तीं महार शिपायांचीं; शिवाय मराठे, रजपूत, मुसलमान व एकदोन ख्रिस्ती किंवा ज्यू असावेत असें अभ्यासक मानतात. विजयी सत्तेनें आपल्या विजयासाठीं कोरविलेली ती यादी. पण नांवें कोरलेलीं होतीं म्हणूनच शंभर वर्षांनंतर, १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले व त्या नांवांच्या वंशजांस त्यांत आपला इतिहास सांपडला. नुसती संख्या कोरली असती तर हें झालें नसतें. पेशव्यांच्या बाजूनें त्या दिवशीं पडलेल्यांची अशी यादी दगडावर नाहीं.

मग ती कोठें असेल? आमचें उत्तर असें कीं, असलीच तर रुमालांत. मराठी राज्यांत पडलेल्याचा सन्मान दगडानें होत नसे, भाकरीनें होत असे. सभासद आपल्या बखरींत सांगतो कीं अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनीं पडलेल्या लोकांच्या कर्त्या मुलांस चाकरींत घेतलें, व ज्यांस मूल नव्हतें त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. पुढें हीच चाल बालपरवेशी या नांवानें चालत आली. लढाईंत पडलेल्याच्या मुलाबाळांस नेमणूक करून देतांना कारकुनास लिहावें लागे कीं अमक्याचा बाप अमक्या स्वारींत ठार झाला. ती ओळ म्हणजेच त्या शिपायाचा वीरगळ, आणि तो मुका नाहीं. हजेरीपटांतील गैरहजेरीचें कारण, इनामाच्या सनदेंतील उल्लेख, विधवेचा अर्ज हेहि याच जातीचे कागद.

आणि हेच कागद आम्ही टाकून देतों. नाना फडणिसांचें एखादें पत्र मिळालें तर त्याच्या चार नकला होतात. दोन रुपये नेमणुकीची चिठ्ठी रद्दींत जाते. आम्हीहि तरुणपणीं असे कागद रुमालाच्या तळाशीं सारले आहेत; तें कबूल करावयास हरकत नाहीं. लाहोरच्या म्युझियममध्यें पहिल्या महायुद्धांतील पंजाबी सैनिकांच्या गांववार वह्या जवळजवळ शंभर वर्षें पडून होत्या. २०२१ सालीं त्या उजेडांत आल्या, तेव्हां त्यांत सुमारें तीन लक्ष वीस हजार माणसांची नोंद निघाली. त्यांना किमतीचे कागद म्हणून कोणीं जपलें नव्हतें. कोणीं फेंकलें नाहीं एवढेंच.

खडकीचा उल्लेख करून हा लेख पुरा करूं. तेथील युद्ध-दफनभूमींत दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ थडगीं आहेत. त्यांपैकीं ६२९ जणांचे अवशेष १९६२ सालीं मुंबईच्या शिवडी येथून आणून पुरलेले. शेजारच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत मेलेल्या व ज्यांचीं थडगीं राखतां आलीं नाहींत अशा अठराशेंहून अधिक जणांचीं नांवें आहेत. गवत कापलेलें असतें, दगड पुसलेले असतात. याच खडकीच्या परिसरांत ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांचा व इंग्रजांचा सामना झाला. पेशव्यांकडील मोर दीक्षित आणि इंग्रजांकडील कॅप्टन फोर्ड हे मित्र होते. लढाई टळत नाहीं असें दिसल्यावर दोघांचें ठरलें कीं, ज्याची बाजू विजयी होईल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबास संभाळावें. त्या दिवशीं मोर दीक्षित पडला, आणि तो फोर्डच्याच पलटणीच्या गोळ्यानें पडला असें ग्रँट डफ लिहितो. ग्रँट डफ ख्रिस्ती, फोर्ड ख्रिस्ती. मोर दीक्षिताचें नांव व त्याचा करार आमच्यापर्यंत पोंचविला तो शत्रूच्या लेखणीनें. इंग्रजांच्या बाजूचे ठार व जखमी त्यानें शहाऐंशी दिले आहेत, पेशव्यांचे पांचशें.

त्या पांचशांपैकीं, थाळनेरच्या तीनशांपैकीं, किंवा सातपुड्यांत पडलेल्या नायकांच्या माणसांपैकीं कोणाचें नांव, त्याच्या मुलाबायकोस मिळालेली नेमणूक, किंवा नुसती हजेरीची ओळ ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं तिची नक्कल, रुमालाचा क्रमांक घालून, मंडळाकडे पाठवावी. होळकरांच्या खानदेशांतील ठाण्यांचे १८१७-१८ चे हजेरीपट ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं विशेष लक्ष घालावें. अरब जमादारांचीं नांवें मोडींत लिहितांना कारकुनांनीं फार मोडतोड केलेली असते. तीं जशीं दिसतील तशींच उतरावीं, सुधारूं नयेत. मूळ कागद पाठविण्याची जरूरी नाहीं.